एस्टिमेट ५८ हजारांचं, पण आधी गाडी खालून बघा

बारा-तेरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आंबा घाट चढताना तापते, काटा लालमध्ये जातो, टोचन करून गाडी साखरप्यात आणावी लागते. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गॅरेजचा आकडा येतो: ५८,०००. धडधाकट असती तर ही गाडी एक लाख चाळीस हजारांना गेली असती. घरातलं कोणीतरी म्हणतं, "एवढ्यात दुसरीचं डाउन पेमेंट होईल." मिस्त्री म्हणतो, "इंजिन नव्यासारखं करून देतो." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून निर्णय अडकतो.

या लेखातले रुपयांचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत. गाडीगणिक आणि गावागणिक ते बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील. आणि कोकणात त्या हिशोबाची सुरुवात इंजिनापासून करायचीच नाही.

पत्रा आधी, इंजिन नंतर

इंजिन कितीही बिघडलं तरी ते उघडता येतं, घासता येतं, सुटे भाग बदलून परत बसवता येतं. गाडीचा ढाचा सडला असेल तर त्यात नवं इंजिन बसवूनही उपयोग नाही. घाटमाथ्यावर जुन्या गाडीची लायकी किलोमीटरवर ठरवली तर चालून जातं, किनाऱ्यावर ती गंजावर ठरते.

कारण साधं आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतल्याच पाण्यात विरघळायला लागतं. मालवण, हर्णै, गुहागर, अलिबाग अशा ठिकाणी वर्षातला बराच काळ हवा याहून दमट असते. पाऊस नसला, गाडी शेडमध्ये उभी असली, तरी खालच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलीमीटर जाड. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने नेहमी जाणारी, पुळणीवर उतरवलेली किंवा डिकीत मासळीच्या खोक्यांचं पाणी सांडलेली गाडी असेल तर गंज आणखी लवकर आत शिरतो.

म्हणून एस्टिमेटला होकार देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला किंवा पिटवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. हातात टॉर्च आणि एक मोठा स्क्रूड्रायव्हर पुरतो. दारांखालचे रनिंग बोर्ड, जॅक लावायच्या जागा, चाकं धरणारे लोअर आर्म जिथे बसतात तो पुढचा क्रॉस मेंबर (खालची आडवी पट्टी) आणि मागच्या शॉकअबसॉर्बरची माउंटिंगं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. शाबूत पत्रा टणटण वाजतो. सडलेला भद्द आवाज करतो, आणि तिथे टोक दाबलं की पापुद्रे गळतात किंवा टोक सरळ आत जातं. वरून काळं कोटिंग तुकतुकीत दिसत असेल तर जास्तच जोरात ठोका. गंजावर मारलेलं अंडरबॉडी कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही आणि आतला पत्रा विरत जातो.

मग आत या. कार्पेटचा कोपरा उचला, आधी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली की ते पाणी बहुतेक गाड्यांत तिथेच कार्पेटखाली साचतं आणि फ्लोअर आतून कुजतो. स्टेपनीचा खड्डा बघा. दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची बारीक भोकं असतात. आंब्याचा पालापाचोळा, सुरूच्या काड्या आणि तांबडी माती बसून ती बुजली की दाराच्या पोटात पाणी साचतं. ब्रेकचे लोखंडी पाइप बोटाने चाचपा. पाइप खरखरीत झाला असेल, खवले सुटत असतील, तर इंजिनाचं काहीही ठरो, तो आधी बदलायचा.

आता निवाडा. रनिंग बोर्ड आणि फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, मात्र चांगला पत्रा लागेपर्यंत कापावं लागतं. गंजावर ठिगळ आणि वरून पुट्टी असं काम एका पावसाळ्यापुरतं. क्रॉस मेंबर बोल्टवर असेल तर अख्खा बदलता येतो. पण पुढच्या बाजूला इंजिन पेलणाऱ्या लांब पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट 'चेसिस' म्हणतात, किंवा शॉकअबसॉर्बरचे वरचे बुरूज सडले असतील, तर इंजिनाच्या एस्टिमेटवर चर्चा नको. गाडी आहे तशी द्यायची.

पत्रा शाबूत निघाला तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

तापली कशामुळे?

एस्टिमेटमध्ये बहुधा परिणामाचे पैसे लिहिलेले असतात, कारणाचे नसतात. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधलं सील, आपोआप क्वचितच उडतं. गाडी तापते, हेड वाकतं, मग गॅस्केट जातं. तापण्याचं कारण शोधलं नाही तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाणार.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड प्रमाणाबाहेर तापलं की त्याला पसरायला जागा नसते आणि ते बाक धरतं. छोट्या पेट्रोल इंजिनांत हेडच्या सपाटीत ०.०५ मिलीमीटरच्या आसपास फरक पडला तरी गॅस्केट नीट दाबलं जात नाही. मग सिलिंडरमधला गॅस कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, शिरतो, कुलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, साबणाच्या फेसासारखा चिकटा दिसतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, सकाळी थंड इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा होजपाइप टणक होतो. झाकणाखालचा फेस एकटा असेल तर मात्र घाई नको. पावसाळ्यात गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर शंका पक्की.

हेड उतरवण्याआधी दोन चाचण्या मागा. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं: शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची दाट शक्यता. दुसरी रंगाची चाचणी: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, कुलंटमधून जळका वायू येत असेल तर द्रव पिवळा पडतो. दोन्ही मिळून तासाभराचं काम, आणि त्यावर पुढचे चाळीस-पन्नास हजार अवलंबून असतात. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला कुरकुर करू नका. ज्याला तपासणीचे पैसे मिळतात त्याला दुरुस्ती वाढवून सांगायची गरज उरत नाही.

कारण शोधताना गाडी तापते कुठे, हे मिस्त्रीला नेमकं सांगा. सपाटीला साठच्या वेगाने ठीक आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापते, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर: मोटर, रिले, फ्यूज. कमी वेगात हवा आपण होऊन रेडिएटरमधून जात नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. खाऱ्या हवेने त्याच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरलेला सापडतो, मोटर चांगली असून करंट पोचत नाही. सपाटीला जोरात चालवतानाही तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंपाची पाती झिजलीत. आणि तापण्याच्या आधीपासून पाणी कमी होत असेल तर गळती शोधा. किनाऱ्यावर रेडिएटरच्या जाळीची बारीक पानं अंगठ्याने चुरली की समजावं, त्याचं आयुष्य संपलं.

सगळ्यात स्वस्त संशयित रेडिएटरचं झाकण. ते ०.९ बारच्या आसपास दाब धरतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-११९ अंशांना उकळतं. स्प्रिंग सैल झाली, रबर चिरलं, की तो सगळा फरक गेला. काही शे रुपयांची वस्तू.

यात कोकणातले दोन जुने उद्योग नडतात. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं हा पहिला. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी म्हणजे इंजिनाच्या पोटात समुद्र. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा आधीच मिसळलेला तयार कॅन, याला पर्याय नाही. दुसरा उद्योग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याचा. "थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम होत नाही" ही गॅरेजमधली श्रद्धा आहे. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो नसला तर इंजिन कायम थंडसर राहतं, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत बायपासचा रस्ता उघडाच राहिल्यामुळे पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारेही आहेत. गळती थांबतेही, सोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

५८,००० सोडवून

'इंजिन काम ५८,०००' अशा एका ओळीच्या एस्टिमेटला हो किंवा नाही म्हणताच येत नाही. ओळीओळीने लिहून मागा. समजा ते असं आलं: गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, हेडचं टेस्टिंग-फेसिंग (तपासून सपाट घासणं) आणि व्हॉल्व्हचं काम मिळून १२,०००. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, होजपाइप, कुलंट १३,२००. ऑइल आणि फिल्टर २,३००. मजुरी १२,०००. टायमिंग चेन किट ७,०००. क्लच सेट ८,५००. इतर ३,०००.

"आता उघडलंच आहे तर हेही करून घ्या" हा सल्ला कधी खरा असतो, कधी नुसता मोठेपणा. ओळखायची खूण एकच: तो भाग बदलायला तेच उघडावं लागतं का? हेड काढताना चेन सोडावीच लागते. चेन ताणलेली असेल तर आत्ता नुसत्या किटचे पैसे जातात, दोन वर्षांनी मजुरीसकट जातील. करून घ्या. वॉटर पंपाचंही तसंच. क्लचसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि हेडच्या कामात त्याला कोणी हात लावत नाही. आज क्लच टाकून मजुरीचा एक रुपया वाचणार नाही. चढावर आरपीएम वाढतात पण गाडी ओढत नाही अशी तक्रार नसेल तर तो पुढे ढकला. ज्या दिवशी गिअरबॉक्स उतरेल, त्या दिवशी क्रँकचं मागचं ऑइल सील सोबत बदला. सील स्वस्त, उतरवण्याची मजुरी महाग.

'इतर ३,०००' म्हणजे काय ते विचारा. सीलंट, सफाई, हेड पाठवण्याचं भाडं असेल तर लिहून देतील. लिहिता येत नसेल तर ती ओळ खोडा. क्लच आणि 'इतर' वजा केलं की उरतात ४६,५००.

कंजुषी कुठे करायची नाही? हेड बोल्टवर. अनेक इंजिनांत ते एकदाच ताणले जाणारे असतात, परत वापरले की पकड देत नाहीत. टॉर्क रेंचवरही नाही. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. "हाताच्या अंदाजाने आवळतो" म्हणणारा मिस्त्री बाकी कितीही चांगला असो, हेड त्याच्याकडे देऊ नका. गॅस्केट आणि सील कंपनीच्या बॉक्समधलं किंवा ती बनवून देणाऱ्या मूळ उत्पादकाचं घ्या. रेडिएटर, होजपाइप, थर्मोस्टॅटचं घर यांत बाजारातला नामांकित ब्रँड चालतो. पार्टांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, जुन्या दरपत्रकावरून काढलेलं एस्टिमेट असेल तर तेवढं तपासा.

करायचं की काढायची

गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च समोरासमोर ठेवून बहुतेक जण निर्णय घेतात. ही तुलना फसवी आहे. गाडी विकायची नसेल तर विक्रीची किंमत हा तुमचा आकडाच नाही. विचार करायचा तो पुढच्या दोन वर्षांचा.

आजचे ४६,५००. दोन वर्षांत टायर १६,०००, बॅटरी ४,५००, क्लच मजुरीसह १२,५००. बेरीज ७९,५००, म्हणजे चोवीस महिन्यांवर पसरले तर महिन्याला साधारण ३,३००. पर्याय म्हणून चार लाखांची सेकंडहँड गाडी: एक लाख रोख, तीन लाखांचं कर्ज, १३ टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता ८,०००च्या आसपास, आणि त्या गाडीलाही टायर-बॅटरी लागणारच. इथे दुरुस्ती जिंकते. पण याच हिशोबात फ्लोअर आणि रनिंग बोर्डाचे चाळीस हजार आले, की महिन्याचा आकडा पाच हजारांच्या जवळ जातो आणि गंज दोन वर्षांनी पुन्हा पैसे मागतो. तिथे सोडून देणं शहाणपणाचं. गेल्या दिवाळीत एसीवर घातलेले पंचवीस हजार दोन्हीकडे धरायचे नाहीत. ते गेले.

आरसीवरची तारीखही बघा. खासगी कारची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं, वीस वर्षांवरच्या गाड्यांचं पुढे आणखी वाढलं. वर पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. तेरा वर्षांच्या गाडीत आज पैसे घालताना ती पंधराव्या वर्षी तपासणीला उभी राहील का, हा प्रश्न पुन्हा पत्र्याकडेच येतो.

विम्याची आशा धरू नका. झीज, गंज, यांत्रिक बिघाड हे मोटार पॉलिसीत बसत नाही. पुराचं पाणी बसतं, तेही फक्त स्वतःच्या नुकसानीचा विमा घेतला असेल तर. जुन्या गाडीला बरेच जण नुसता थर्ड पार्टी घेतात, त्यात काहीच मिळत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हा फरक माहीत आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल मारून बघायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा नाकारते. दावा मंजूर झाला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो.

गाडी सोडायचीच ठरली तर भंगारवाल्याकडे तशीच देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर फिरत राहते.

काम देताना

तालुक्याच्या गॅरेजमध्ये हेड उतरतं, पण फेसिंग सहसा तिथे होत नाही. ते लेथवर जातं: चिपळूण, रत्नागिरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पावसाळ्यात दरड येऊन घाट बंद झाला की हेड पलीकडे अडकतं, आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कोणत्याच गॅरेजला श्वास घ्यायला फुरसत नसते. वेळेचा अंदाज त्याप्रमाणे धरा.

कामाला टप्पे पाडून घ्या. हेड उतरलं की फोन, फोटो, आणि तुमचा होकार आल्याशिवाय पुढे नाही. "उघडल्यावर कळेल" हे मिस्त्रीचं म्हणणं खोटं नसतं, म्हणूनच उघडल्यानंतरचा आकडा वेगळा ठरवायचा. लेथवाल्याकडे फेसिंगआधी प्रेशर टेस्ट व्हायला हवी. हेडला चीर असेल तर घासण्याचे पैसे वाया. किती घासलं तेही लिहून घ्या, कारण घासायला मर्यादा असते. ब्लॉकच्या सपाटीवरही पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) फिरवायला सांगा, हे हमखास राहून जातं. जुने भाग परत मागा.

सिलिंडरमध्ये ओरखडे निघाले आणि काम 'फुल इंजिन'पर्यंत गेलं, तर कुर्ल्याहून सेकंडहँड इंजिन आणू असा प्रस्ताव येईल. स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर बदलतो आणि तो आरटीओच्या परवानगीने आरसीवर चढवावा लागतो. ज्या इंजिनासोबत बिल आणि मूळ गाडीचे कागद येत नाहीत, ते घेऊ नका.

गाडी घरी आल्यावर पहिले दोन आठवडे रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कुलंटची टाकी बघा. सुरुवातीला पातळी थोडी खाली जाईल, आत अडकलेली हवा निघते. भरल्यावरही रोज खाली जात असेल तर गॅरेजला परत. ५०० ते १,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. आधी ऑइलमध्ये कुलंट गेलं असेल तर हे टाळू नका, त्याचे अंश आत राहतात आणि बेअरिंग खातात. पहिला घाट रिकाम्या गाडीने, एसी बंद ठेवून चढा. काटा नेहमीच्या जागेवरून हलला तर बाजूला घ्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात करा, तरीही खाली येत नसेल तर इंजिन बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनावर झऱ्याचं गार पाणी तर मुळीच ओतू नका.